भांडण घरातलंच

नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कळमनुरीच्या अलीकडे आखाडा बाळापूर लागतं. बाजारपेठेचं गाव. या पट्ट्यात दर्ग्याचा विषय निघाला की साधारण दोन मतं कानावर पडतात. एक मत शाळेच्या पुस्तकातून आलेलं: सूफी म्हणजे हिंदू-मुसलमानांना जोडणारे, कर्मकांड न मानणारे, जवळजवळ वारकऱ्यांसारखेच. दुसरं मत मशिदीत चार दिवस तबलीगी जमातीबरोबर राहून आलेल्या तरुणाचं: संदल, चादर, कव्वाली, कंदुरी हे सगळं बिदअत, मागाहून घुसवलेलं, दीनाशी त्याचा संबंध नाही. पहिला कौतुकानं बोलतो, दुसरा चिडून. तरी मूळ मुद्द्यावर दोघांचं एकमत असतं. दर्गा ही इस्लामच्या शिवेबाहेरची किंवा फार तर शिवेवरची गोष्ट आहे, असं दोघंही धरून चालतात. या प्रकरणात मला या एकमतालाच हात घालायचा आहे. जिक्र, समा, जियारत आणि उरूस या सूफी उपासना इस्लामी परंपरेच्या आत जन्मल्या, तिच्याच आधारांवर वाढल्या आणि त्यांच्यावरचे सगळ्यात कडक आक्षेपही त्याच घरातून आले, असं माझं म्हणणं आहे. त्या बरोबर की चूक, हा निवाडा ज्याचा त्याचा. पण भांडण घरातलं आहे हे आधी मान्य केलं नाही, तर ते समजणारच नाही.

सुरुवात जिक्रापासून करू, कारण तिथे वाद सर्वांत कमी आहे. जिक्र म्हणजे अल्लाहचं स्मरण. कुराणाच्या तेहेतिसाव्या सूरेत श्रद्धावंतांना अल्लाहचं पुष्कळ स्मरण करायला सांगितलं आहे, तर तिसऱ्या सूरेत उभ्यानं, बसून आणि कुशीवर पडूनही स्मरण करणाऱ्यांचा उल्लेख आहे. नमाजला वेळ आहे, रोज्याला महिना आहे, हजला ठिकाण आहे. जिक्राला यातलं कुठलंच बंधन नाही. सूफींनी नेमकी हीच मोकळी जागा धरली. जिब्रीलची हदीस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रसिद्ध कथनात इस्लाम, ईमान आणि एहसान अशा तीन पायऱ्या येतात आणि एहसान म्हणजे अल्लाहला जणू पाहत आहोत अशी बंदगी, असा खुलासा येतो. पहिल्या पायरीची व्यवस्था फिकहच्या, म्हणजे धर्मकायद्याच्या, विद्वानांनी लावली, दुसरीची अकीद्याच्या, म्हणजे श्रद्धातत्त्वांच्या, पंडितांनी. तिसरीसाठी माणूस घडवण्याचं काम आपलं, असा सूफींचा दावा. बगदादचे जुनैद इसवी सन ९१० मध्ये वारले. आपला मार्ग कुराण आणि सुन्नतला बांधलेला आहे, असं ते बजावून सांगत. म्हणजे तसव्वुफ, अर्थात सूफी मार्ग, ही शरियतला कंटाळलेल्या लोकांची पळवाट नव्हती. निदान जुनैदांच्या परंपरेत तरी नव्हती.

जिक्र करायचा कसा, यावर मात्र सूफींमध्येच मतभेद झाले आणि त्याचा उत्तम दाखला औरंगाबाद शहरात, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, आहे. पाणचक्कीला सहलीसाठी जाणाऱ्या बहुतेकांना ती नक्शबंदी या सूफी संप्रदायाच्या फकिरांची खानकाह, म्हणजे मठ, होती हे ठाऊक नसतं. मध्य आशियातून आलेले बाबा शाह पलंगपोश आणि त्यांचे शिष्य बाबा शाह मुसाफिर यांच्या कबरी तिथेच आहेत. नक्शबंदींचा जिक्र मूक असतो. ओठ मिटलेले, जीभ टाळूला आणि नाम मनात. आपल्या परमेश्वराला नम्रपणे, आवाज न चढवता आठव, असं सांगणारी सातव्या सूरेतली आयत त्यांचा आधार. त्याच शहरात शाह निजामुद्दीन औरंगाबादी हे चिश्ती शेख राहत. ते १७३० च्या सुमारास वारले. त्यांनी ‘निजामुल कुलूब’ नावाचा फारसी ग्रंथ लिहिला, तो जिक्राच्या पद्धतींवरच. चिश्ती आणि कादरी पद्धतीचा उघड जिक्र कसा चालतो ते पाहण्यासारखं आहे. साधक मांडी घालून बसतो. ‘ला इलाहा’ म्हणताना मान उजव्या खांद्याकडे जाते, म्हणजे अल्लाहवाचून जे काही आहे ते मागे टाकलं. ‘इल्लल्लाह’ म्हणताना तीच मान झटक्यानं डाव्या बाजूला, छातीवर उतरते. या आघाताला जर्ब म्हणतात. उच्चार कलिम्याचाच, तोही अर्धा-अर्धा तोडून: आधी नकार, मग होकार. एकाच शहरात एक संप्रदाय ओठ मिटून बसलेला आणि दुसरा छातीवर जर्ब मारणारा. दोघांच्याही हातात कुराणातलाच आधार. परंपरा आतून कशी असते ते इथे दिसतं. ती एका सुरात कधीच बोलत नाही.

हा जिक्र खानकाहच्या भिंतीआडच राहिला असंही नाही. विजापूरच्या सूफींच्या परिघात सतराव्या-अठराव्या शतकांत ‘चक्कीनामा’ आणि ‘चरखानामा’ या नावाच्या दखनी रचना तयार झाल्या. इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी त्यांचा बारकाईनं अभ्यास केला आहे. बाई जात्यावर बसली आहे, हात खुंट्याला आहे आणि त्या हालचालीच्या तालावर अल्लाहचं, पैगंबरांचं, पिराचं नाव घ्यायचं, अशी त्यांची धाटणी. उभा खुंटा म्हणजे अलिफ, म्हणजे अल्लाह, अशी जोडणी त्यात येते. ज्या मुलखात जात्यावरची ओवी प्रत्येक घरात होती तिथे हे साधन किती अचूक निवडलं होतं, हे वेगळं सांगायला नको. ईटन यांचं मत असं की दख्खनमधल्या सामान्य घरांत इस्लामची प्राथमिक शिकवण पोचवण्यात अशा गाण्यांचा मोठा वाटा होता. मला ते पटतं. पण हे हिंदूकरण होतं का? गाण्याचा साचा इथला होता. त्यात जे ओतलं ते कलिमा, पैगंबर आणि पीर. ज्या बाईला अरबी येत नव्हती, मदरशाचं दार जिच्यासाठी उघडं नव्हतं, तिला जिक्राचा हक्क या गाण्यानं दिला.

समाचं प्रकरण जास्त तापलेलं आहे. समा म्हणजे ईश्वरप्रेमाचं काव्य गायलेलं ऐकणं आणि त्यात रंगून जाणं. आजची कव्वाली ही त्याचीच पुढची पिढी. संगीत हराम की हलाल, हा इस्लामी कायद्यातला जुना आणि न मिटलेला प्रश्न. ११११ मध्ये वारलेल्या इमाम गजालींनी ‘इह्या उलूमिद्दीन’मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्रकरण दिलं आणि वेळ, जागा व सोबत योग्य असतील तर समा चालेल असा निकाल मांडला. दिल्लीत गियासुद्दीन तुघलकाच्या काळात, म्हणजे १३२० ते १३२५ या वर्षांत, हजरत निजामुद्दीन औलियांवर या मुद्द्यावरून चक्क दरबारी सुनावणी झाली. त्यांनी हदीसचा आधार दिला, तेव्हा विरोधी आलिमांनी आपल्या मजहबाचे इमाम अबू हनीफा यांचं मत मागितलं. निजामुद्दीनांचे शिष्य फखरुद्दीन जर्रादी यांनी समाच्या बाजूनं ‘उसूलुस्समा’ हा ग्रंथ लिहिला. पुढे महंमद तुघलकानं दिल्लीकरांना देवगिरीला, म्हणजे दौलताबादला, हलवलं त्यात तेही आले. इथून ते हजला गेले आणि परतीच्या वाटेवर जहाज बुडून वारले. सुनावणीनंतर गियासुद्दीननं समावर बंदी घातली नाही. या साऱ्या हकिगतीत मला महत्त्वाचं वाटतं ते सुनावणीचं स्वरूप. आरोप शरियतच्या भाषेत झाला आणि बचावही शरियतच्याच भाषेत झाला. आम्ही तुमच्या कायद्याच्या पलीकडचे आहोत, असं निजामुद्दीन म्हणाले नाहीत.

निजामुद्दीनांचा खलिफा, म्हणजे आध्यात्मिक वारस, बुऱ्हानुद्दीन गरीब याच सुमारास दख्खनमध्ये आला आणि १३३७ मध्ये इथेच वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. समामध्ये नाचण्याची त्याची एक खास ढब होती आणि तिच्यावरून त्याच्या शिष्यांना बुऱ्हानी म्हणत. आता दुसरी बाजू पाहा. निजामुद्दीनांची बोलणी टिपून ठेवणारे कवी अमीर हसन सिज्जी हेही खुलताबादलाच पुरलेले आहेत. त्यांच्या ‘फवाइदुल फुआद’मध्ये समाच्या अटी येतात: गाणारा प्रौढ पुरुष हवा, ऐकणाऱ्याचं मन अल्लाहकडे हवं, गाण्यात अश्लील काही नको आणि वाद्यं नकोत. आज उरुसात पेटी, ढोलक आणि ध्वनिक्षेपकावर चालणारी कव्वाली या कसोटीला उतरत नाही. तीही वहाबी कसोटी नव्हे, खुद्द चिश्तींची. कव्वालीवर टीका करणाऱ्या तरुणानं हे पुस्तक वाचलं तर त्याला हवं ते पुष्कळ सापडेल आणि कव्वालीच्या समर्थकाला त्याहून थोडं कमी. बुऱ्हानुद्दीनचा वारस जैनुद्दीन शिराजी हा तर शरियतचा पढिक. तो सुरुवातीला समावर आक्षेप घेत असे आणि मग मुरीद झाला, असं परंपरा सांगते. दरबारातलं गाणं बंद करणारा औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरला वारला आणि याच जैनुद्दीनच्या दर्ग्याच्या आवारात साध्या, उघड्या कबरीत पुरला गेला. समाला नाक मुरडणाऱ्या बादशहाला चिश्ती शेखाची शेजारसोबत हवीशी वाटली, यात लोकांना विसंगती दिसते. मला दिसत नाही. त्याच्या लेखी शेख मोठा होता आणि गाणं वर्ज्य होतं. दोन्ही गोष्टी एकाच धर्मबुद्धीत मावत होत्या.

आता जियारत, म्हणजे कबरीची भेट, आणि उरूस, म्हणजे बुजुर्गाच्या पुण्यतिथीचा मेळा. हिंगोली-नांदेड-परभणी या टापूत उरूस म्हटला की आधी परभणीच्या सय्यद शाह तुराबुल हक यांचं नाव निघतं. फेब्रुवारीतल्या या उरुसाला दुकानं, पाळणे, मिठाई आणि लाखोंची गर्दी. नांदेड जिल्ह्यातल्या कंधारला हाजी सय्याह सरवर मगदूम यांचा दर्गा आहे. गर्दीतून आत गेल्यावर काय घडतं ते जरा जवळून पाहू. मजार गुलाबपाण्यानं धुतात, उगाळलेलं चंदन लावतात, त्यावर गलेफ चढतो आणि वर फुलांची चादर. लोबानाचा धूर असतो. मुजावर मोरपिसांचा कुंचा डोक्यावरून फिरवतो. इथपर्यंतचं सगळं डोळ्यांना दिसतं आणि दोन्ही मतांचे लोक इथेच थांबतात. पुढे जे कानांनी ऐकायचं ते राहून जातं. फातेहा देताना मुजावर किंवा मौलवी कुराणाची पहिली सूरा म्हणतो, मग अल्लाह एक आहे, त्याला जन्म नाही आणि त्याच्या तोडीचं कुणी नाही हे सांगणारी सूरा इखलास तीनदा, मग पैगंबरांवर दरूद. शेवटी तळहात उघडून दुआ: या पठणाचं पुण्य या बुजुर्गाच्या रूहला पोचव. दुआ अल्लाहकडे आहे, पिराकडे नाही, आणि कबरीच्या उशाशी उभं राहून म्हटलेली सूरा ही कुराणातली एकेश्वरवादाची सर्वांत ठाम सूरा आहे.

पुण्य मेलेल्याला पोचतं का? हाही कायद्याचाच प्रश्न. सअद बिन उबादा यांनी आई वारल्यावर तिच्या नावानं दान केलं तर तिला लाभेल का असं पैगंबरांना विचारलं आणि होकार मिळाला, ही हदीस बुखारींच्या संग्रहात आहे. मृतासाठी दुआ आणि दान चालतं यावर सुन्नींच्या चारही मजहबांचं, म्हणजे कायद्याच्या परंपरांचं, एकमत आहे. कुराणपठणाचं पुण्य पोचतं की नाही यावर मतभेद आहेत. कबरींना भेट देण्याचंही असंच. आधी मनाई केली होती, आता जात जा, कारण त्यानं मरणाची आठवण राहते, अशा आशयाची हदीस मुस्लिमच्या संग्रहात येते. सामान्य भाविक हे दाखले देऊ शकणार नाही. नमाजात हात कुठे बांधायचे याचे दाखलेही तो देऊ शकणार नाही. म्हणून त्याची नमाज कुणी परकी ठरवत नाही.

मराठवाड्यात सर्वांत जास्त बोट दाखवलं जातं ते कंदुरीवर. नवस फेडायला पिराच्या नावानं बकरं कापायचं आणि भाऊबंदांना जेवण घालायचं. मुसलमान करतात, मराठे-कुणबी करतात, दलित करतात. अल्लाहखेरीज दुसऱ्याच्या नावानं कापलेलं कुराणानं हराम ठरवलं आहे, त्यामुळे आक्षेप वरवरचा नाही. पण सुरी कुणाच्या हातात आहे ते पाहा. गावगाड्यात हे काम मुलाण्याचं. पाटलाच्या घरचं बकरं असलं तरी तो ‘बिस्मिल्लाहि अल्लाहु अकबर’ म्हटल्याशिवाय सुरी फिरवत नाही. पिराचं नाव आमंत्रणात असतं, सुरीखाली अल्लाहचंच. सुन्नी समर्थकांचा युक्तिवादही नेमका असा: जबह अल्लाहच्या नावानं, जेवण गरिबांना, पुण्य बुजुर्गाला. विरोधक म्हणतात की नियत पिराचीच आहे, जिभेवरचं नाव निमित्तमात्र. नियतीवरचा हा वाद मिटणारा नाही. पण ज्या विधीत मुलाण्याचे ते चार शब्द कुणालाच वगळता येत नाहीत, तो विधी शरियतकडे पाठ फिरवून उभा आहे असं म्हणता येईल का?

बिदअतचा आक्षेप सरळ आहे. पैगंबरांच्या काळी उरूस नव्हता, संदल नव्हता, सिलसिले, म्हणजे पीर-मुरिदांच्या परंपरा, नव्हते. जे तेव्हा दीनात नव्हतं ते नंतर दीनात आणणं ही दिशाभूल. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मूळ शिकवण टिकवायची तर नव्या भरतीला कुठेतरी अडवावंच लागतं. पण हे दार किती घट्ट लावायचं, याबद्दलही परंपरेत पहिल्यापासून एक मत नव्हतं. रमजानमध्ये विखरून तरावीह पढणाऱ्या लोकांना खलिफा उमर यांनी एका इमामामागे उभं केलं आणि ही चांगली नवी रीत असल्याचं स्वतःच म्हटलं. पुढे १२६२ मध्ये वारलेले शाफिई विद्वान इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम यांनी नव्या गोष्टींची वाजिबपासून हरामपर्यंत पाच गटांत वाटणी केली. मदरसे बांधणं त्यांनी चांगल्या गटात टाकलं. उमरांचे शब्द केवळ भाषेच्या अंगानं घ्यायचे, असं विरोधक म्हणतात. असेल. तरी नवं ते सगळं बाहेरचं, हे सूत्र दर्ग्याला लावायचं आणि मदरशाला लावायचं नाही, तर मध्ये काहीतरी कसोटी सांगावी लागते. कसोटी सांगितली की वाद फिकहचा झाला. मी त्याला घरातला म्हणतो तो याचसाठी.

शिर्कचा, म्हणजे अल्लाहच्या बरोबरीला दुसऱ्याला बसवण्याचा, आक्षेप याहून जड. ज्यांनी आपल्या पैगंबरांच्या कबरींची प्रार्थनास्थळं केली त्यांचा धिक्कार करणारी हदीस बुखारी आणि मुस्लिम दोघांच्याही संग्रहांत आहे आणि दर्ग्याच्या समर्थकाला ती ओलांडून जाता येत नाही. आलिम इब्न तैमिया यांनी कबरींसाठी मुद्दाम प्रवास करण्याविरुद्ध लिहिलं, त्यापायी दमास्कसच्या किल्ल्यात कैद भोगली आणि १३२८ मध्ये तिथेच ते वारले. गंमत पुढे आहे. त्यांचा शिष्य इब्न कसीर यानं नोंदवलंय की त्यांच्या मय्यतीला अलोट गर्दी झाली, लोकांनी तिरडीवर रुमाल टाकले आणि त्यांच्या गुस्लाचं उरलेलं पाणी बरकत म्हणून प्यायले. दफन झालं ते सूफींच्या कब्रस्तानात. शेख अब्दुल कादिर जीलानींच्या एका ग्रंथातल्या काही भागावर त्यांनी स्वतः आदरानं भाष्य लिहिलं होतं. तसव्वुफचा शत्रू म्हणून ज्यांचं नाव आज घेतलं जातं त्यांचं हे चित्र. दुसऱ्या टोकाला बरेलीचे अहमद रजा खान. दर्ग्याचे सर्वांत मोठे वकील म्हणून ते ओळखले जातात, १९२१ मध्ये वारले. आदरापोटीदेखील कुणापुढे सजदा करणं हराम आहे, हे सांगण्यासाठी त्यांनी स्वतंत्र पुस्तिका लिहिली. मजारपुढे कपाळ टेकणारा माणूस म्हणजे बरेलवी, असं ज्यांना वाटतं त्यांनी ती पाहावी.

तिसरा आक्षेप विरोधकांचा कमी आणि कौतुक करणाऱ्यांचा जास्त: हे सगळं भक्तीच्या हवेतून आलं. हिंगोली जिल्ह्यात हे म्हणणं मनाला पटकन भिडतं. नरसी इथलीच, नामदेवांची. औंढा नागनाथ इथलाच, जिथे नामदेवांना विसोबा खेचर भेटल्याची कथा सांगतात. नामस्मरण, कीर्तन, समाधी, यात्रा एका बाजूला आणि जिक्र, समा, मजार, उरूस दुसऱ्या बाजूला: जोड्या आपोआप लागतात. देवाणघेवाण झाली, हे नाकारायचं कारण नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला, योग्यांच्या श्वासाच्या क्रिया सूफींनी अभ्यासल्या, चंदनाचा लेप तर उघडच इथला. पण साम्यावरून जन्म ठरत नाही. कैरोत सय्यिदा नफीसा ८२४ मध्ये वारल्या आणि त्यांची कबर जियारतीचं ठिकाण झाली. तंता गावी अहमद बदवींचा वार्षिक मेळा भरतो, कोन्यात रूमींची पुण्यतिथी पाळतात, सेनेगालमध्ये तूबाला लाखो लोक लोटतात. तिथे शेजारी ना विठ्ठल होता ना नागनाथ. खुद्द मदिनेत जन्नतुल बकीच्या कबरींवर शतकानुशतकं घुमट होते; ते १८०६ च्या सुमारास एकदा आणि १९२६ मध्ये पुन्हा पाडले गेले. पाडण्याआधी ते मुसलमानांनीच बांधले होते. हिंदू भाविक पिराला नवसाला पावणारा देव समजून येतो, हे खरं. पण त्याची समजूत हा दर्ग्याविषयीचा हिंदू विचार आहे. तो दर्ग्याचा मुस्लिम अर्थ नव्हे, आणि दोन्हींची गल्लत केली की इस्लामच्या इतिहासातलं एक मोठं दालन शेजाऱ्याच्या खात्यावर जमा होतं.

वाद आतला आहे याचा सर्वांत बोलका पुरावा कंधारचाच आहे. मौलाना अन्वारुल्लाह फारुकी यांचा जन्म कंधारचा. ते हैदराबादला गेले, १८७६ मध्ये तिथे जामिया निजामिया हा मदरसा उभारला, सहाव्या आणि सातव्या निजामांचे गुरू झाले आणि राज्याचं धर्मखातंही त्यांच्याकडे आलं. फिकह आणि हदीस शिकवणारा हा आलिम मीलादचा, म्हणजे पैगंबरजयंतीच्या सोहळ्याचा, आणि पैगंबरांच्या अदबीचा पुरस्कर्ता होता, आणि स्वतः सूफी. त्यांचे पीर कोण? हाजी इमदादुल्लाह मुहाजिर मक्की. १८५७ नंतर मक्केला निघून गेलेले हे चिश्ती साबिरी शेख देवबंदच्या संस्थापक वर्तुळातल्या कासिम नानौतवी आणि रशीद अहमद गंगोही यांचेही पीर. देवबंदचं दारुल उलूम १८६६ चं. मीलाद, फातेहा, उरूस अशा मुद्द्यांवर मुरिदांत फूट पडू लागली तेव्हा इमदादुल्लाहांनी सात प्रश्नांचा निवाडा म्हणून ‘फैसला हफ्त मसला’ लिहिला आणि दोन्ही बाजूंना सबुरीनं घ्यायला सांगितलं. स्वतःचा कल त्यांनी या प्रथांकडे दाखवला. गंगोहींना ते पटलं नाही, पण पिराशी नातं त्यांनी तोडलं नाही. म्हणजे एका पिराच्या हातावर बैअत केलेल्यांपैकी एक उरुसावर टीका करणाऱ्या फतव्यांसाठी ओळखला जातो, तर दुसऱ्याचा, कंधारच्या मौलानांचा, १९१८ मध्ये इंतकाल झाल्यावर त्यांच्याच मदरशाच्या आवारात मजार होतो आणि तिथे उरूस भरतो. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. इथल्या काजी-मौलवींच्या शिक्षणावर या मदरशाची छाप पडली ती अशी, दर्गा आणि दारुल इफ्ता एकाच कुंपणात घेऊन.

यावर कुणी म्हणेल, आयती आणि हदीसा तर कुणीही काढून दाखवतो; आधार दिला म्हणजे गोष्ट इस्लामी झाली का? नाही. नुसत्या दाखल्यानं काहीच ठरत नाही. सूफी उपासनांच्या बाबतीत दाखल्यांपलीकडे संस्था उभ्या राहिल्या, आणि त्या इस्लामी कायद्याच्या साच्यातल्या होत्या. दर्ग्याचा दिवा जळावा म्हणून वक्फ झाले, मुजावरांना खिदमतमाश, म्हणजे दर्ग्याच्या सेवेसाठीची, इनामं मिळाली, काजींनी कागदांवर शिक्के मारले, सिलसिल्याच्या सनदा हदीसच्या सनदांसारख्याच नावानिशी जपल्या गेल्या. आजही मराठवाड्यात खिदमतमाश जमिनींचे खटले चालतात ते याच व्यवस्थेच्या वारशातून. या व्यवस्थेनं लबाडांनाही जागा दिली. गंडेदोरे विकणारे, भूत उतरवतो म्हणून बाईला मारहाण करणारे, दानपेटीवरून कोर्टात जाणारे वारस. त्यांचा बचाव करण्याची कुणाला गरज नाही. त्यांच्यावर पहिली टीका सूफी ग्रंथांनीच केली आहे आणि ती मौलवींच्या टीकेहून कमी तिखट नाही.

हा वाद अजून किती जिवंत आहे हे मुंबईच्या हाजी अलीनं दाखवलं. दर्ग्याच्या विश्वस्तांनी २०१२ च्या सुमारास मजारच्या गाभाऱ्यात बायकांना जायला मनाई केली. त्याआधी त्या जात होत्या. कारण दिलं ते पुरुष बुजुर्गाच्या कबरीजवळ बायकांनी जाणं इस्लामला मंजूर नसल्याचं. म्हणजे दर्गा चालवणाऱ्यांनीच दर्ग्याच्या विरोधकांच्या भात्यातला बाण काढला. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी संविधानातल्या समतेच्या आणि धर्मस्वातंत्र्याच्या कलमांवर बोट ठेवून उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि ही बंदी इस्लामचा भाग नाही हेही सांगितलं. कबरींना भेट देणाऱ्या बायकांविषयी हदीसांमध्ये दोन्ही बाजूंना आधार सापडतात आणि मजहबांनीही वेगवेगळे निर्णय दिले आहेत. बरेलीच्या अहमद रजा खानांचा कल मनाईकडे होता. २६ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं बंदी रद्द केली आणि ती इस्लामचा अत्यावश्यक भाग असल्याचं विश्वस्तांना सिद्ध करता आलं नाही असं म्हटलं. सर्वोच्च न्यायालयात विश्वस्तांनी प्रवेश द्यायची तयारी दाखवली आणि नोव्हेंबरच्या अखेरीस बायका पुन्हा आत गेल्या. दर्शनाची जागा मात्र आता स्त्री-पुरुष दोघांसाठीही मजारपासून सारखीच लांब ठेवली आहे.